अंगी लागले का?

या सदरात मी बहुधा शब्दांविषयी लिहितो. मराठीचा शिक्षक म्हणून आयुष्याची तीस वर्षे गेल्यामुळे दुसऱ्या कशाविषयी अधिकाराने लिहावे अशी माझी पात्रताही नाही. आज मात्र एका शब्दप्रयोगाचा माग काढीत मी वैद्यकाच्या प्रांतात पाऊल टाकणार आहे. त्याचे कारण घरगुती आहे आणि माझ्यापुरते थोडे लाजिरवाणेही आहे. तो शब्दप्रयोग म्हणजे 'अंगी लागणे'.

"पोर खाते पुष्कळ, पण अंगी लागत नाही," हे वाक्य ज्या घरात कधी उच्चारले गेले नाही असे मराठी घर शोधून सापडणार नाही. आपल्या भाषेने येथे किती बारकाईने विचार केला आहे पाहा. खाणे वेगळे, पचणे वेगळे आणि अंगी लागणे त्याहूनही वेगळे. ताट रिकामे झाले म्हणजे देह पोसला गेला असे आपल्या आज्यांनी कधी मानले नाही. हा वाक्प्रचार मी असंख्य मुलांना 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' म्हणून घातला असेल. त्याचा खरा अर्थ मात्र मला चार वर्षांपूर्वी माझ्या आत्याच्या पावलांनी शिकविला.

आत्या आमच्याकडेच असते. आजोबा निजामाच्या अमदानीत नांदेडहून हैदराबादेस आले आणि काचीगुड्याच्या बाजूस बिऱ्हाड केले. त्या बिऱ्हाडातली आज हयात असलेली एवढीच व्यक्ती. आम्हा भावंडांना तिने वाढविले. ज्वारीची भाकरी, वरण, अंबाडीची नाही तर चुक्याची भाजी हा तिचा आहार. उपासतापास पुष्कळ. पोट फुगते म्हणून दूध तिने कित्येक वर्षांपूर्वी सोडले होते, ताकही थंडीवाऱ्याचे निमित्त करून बंद झाले होते आणि चहा कोरा. जेवणाला कधी नाही म्हणत नसे, म्हणून तिची प्रकृती उत्तम आहे असे आम्ही समजत होतो.

प्रथम तिची जीभ तक्रार करू लागली. लाल, गुळगुळीत झालेली जीभ, आणि तिखटाचा कण लागला तरी डोळ्यांत पाणी. मग चेहरा फिकट दिसू लागला, जिना चढताना धाप लागू लागली. पावलांना मुंग्या येतात असेही ती म्हणे; पण पंच्याहत्तरी जवळ आलेल्या माणसाच्या मुंग्यांकडे कोण लक्ष देतो? देवाला जाताना एकदा एका पायातली चप्पल वाटेतच राहिली आणि ती घरी आली तरी तिला ते कळले नव्हते. आम्ही सारे हसलो. तीही हसली.

यानंतर जे झाले त्याचा दोष सर्वस्वी माझा आहे. आमच्या शाळेत मुलांना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते. तिचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला आहे. तेव्हा जे मुलांना मानवते ते आत्याला का मानवू नये, असा विचार करून मी औषधाच्या दुकानातून तशाच, पण अधिक शक्तीच्या गोळ्या आणल्या आणि रोज सकाळी तिला देऊ लागलो. रक्ताचा फिकेपणा कमी झाला. तपासणीत हिमोग्लोबिन साडेआठावरून पावणेअकरावर आले. मी मनातून खूश होतो. पावले मात्र दिवसेंदिवस बधिर होत चालली, अंधारात तोल जाऊ लागला, ओळखीच्या माणसांची नावे आठवेनात. ते आम्ही वयाच्या खात्यावर टाकले. असे दहा महिने गेले.

शेवटी ती न्हाणीघरात पडली, म्हणून एका तरुण डॉक्टरांकडे नेले. त्यांनी खणातून नादकाटा काढला, टेबलाच्या कडेवर आपटून तिच्या घोट्याच्या हाडावर टेकविला आणि आपल्या दखनी हिंदीत विचारले, "अम्मा, काही थरथरते का?" आत्या शांतपणे म्हणाली, "लोखंड गार लागते, एवढेच." तसले तीन नादकाटे आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात आहेत. त्यांचा असाही उपयोग असतो हे मला ठाऊक नव्हते. रक्ताच्या तपासणीत 'ब-१२' हे जीवनसत्त्व जवळजवळ नाहीसे झाल्याचे निष्पन्न झाले. माझ्या गोळ्यांनी रक्ताचा रंग सुधारला होता आणि त्या रंगाआड मज्जातंतूंचा नाश चालू राहिला होता.

हे कसे घडते, या प्रश्नाने मला पुढे कित्येक महिने वाचावयास लावले. जे हाती लागले ती वैद्यकातील एक अतिशय सुरस आणि उदात्त कथा आहे. रुग्णाच्या खाटेशेजारी बसून, त्याच्या देहातील बदल दिवसामागून दिवस टिपून जे संशोधन होते, त्याची ही कथा.

लंडनचे वैद्य टॉमस ॲडिसन यांनी १८४९ साली एका विचित्र पांडुरोगाचे वर्णन केले. रक्तस्राव नाही, क्षय नाही, तरी माणूस मेणासारखा पिवळा पडत जातो आणि काही काळाने दगावतो. पुढे या रोगाला 'घातक पांडुरोग' असेच नाव पडले. पाऊण शतक त्यावर उपाय नव्हता. १९२६ साली अमेरिकेत बोस्टनच्या जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी पंचेचाळीस रुग्णांना रोज भरपूर यकृत खाऊ घालून त्यांचे रक्त सुधारल्याचे जाहीर केले. यकृताचा गुण प्राण्यांवरील प्रयोगांत आधी दाखविणारे जॉर्ज व्हिपल आणि हे दोघे यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण त्याच बोस्टनमधील विल्यम कॅसल या तरुण वैद्याला एका प्रश्नाने घेरले. निरोगी माणसे कोठे रोज एवढे यकृत खातात? मग त्यांना हा रोग का होत नाही? या रुग्णांच्या जठरात आम्लरस नसतो हे ठाऊक होते. तेव्हा उणीव ताटात नसून पोटातच असेल काय? कॅसल यांनी प्रयोग मांडला. रुग्णाला दहा दिवस रोज ठराविक मांस दिले. रक्तात काही फरक नाही. पुढचे दहा दिवस, एका निरोगी पुरुषाने तेच मांस खावे, तासाभराने ते जठरातून बाहेर काढावे, ऊब देऊन पातळ करावे आणि नळीवाटे रुग्णाच्या पोटात सोडावे, असा क्रम ठेवला. निरोगी पुरुषाचे हे काम पुष्कळदा ते स्वतःच करीत. वाचताना आपल्याला किळस येईल. पण सुमारे सहाव्या दिवशी रुग्णाच्या रक्तात नव्या तांबड्या पेशींचे पीक उसळून येऊ लागले. नुसत्या मांसाने ते येत नव्हते, नुसत्या जठररसानेही येत नव्हते. दोन्ही एकत्र आल्यावरच येत होते.

१९२९ साली प्रसिद्ध झालेल्या या कामाचा अर्थ असा होता की, अन्नात एक 'बाह्य घटक' असतो आणि निरोगी जठरात एक 'आंतर घटक' असतो. दोघांची गाठ पडली तरच अन्न अंगी लागते. त्यांतला बाह्य घटक म्हणजेच ब-१२. १९४८ साली अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये तो लाल स्फटिकांच्या रूपात वेगळा करण्यात आला. त्याची अतिशय गुंतागुंतीची रचना डोरोथी हॉजकिन या विदुषींनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली आणि १९६४ चे नोबेल पारितोषिक मिळविले. आज आपल्याला हा प्रवास असा ठाऊक आहे: जठरातील आम्ल अन्नातून ब-१२ मोकळे करते, पुढे आंतर घटक त्याला धरतो, आणि सुमारे वीस फूट लांबीच्या लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात ते रक्तात शोषले जाते. या वाटेवर कोठेही अडथळा आला तर भरल्या ताटापुढे बसलेला माणूसही उपाशी राहतो.

इकडे मुंबईत त्याच सुमारास दुसरा धागा विणला जात होता. लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर बाई १९२८ साली मुंबईस आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागली. कापड गिरण्यांच्या त्या नगरीत गरीब घरांतील गर्भवती स्त्रिया एका भयंकर पांडुरोगाने दगावत होत्या. रक्ताचे चित्र घातक पांडुरोगासारखेच दिसे, पण या स्त्रियांचे जठर चांगले होते. विल्सबाईंनी रुग्णालयांबरोबर चाळी आणि घरेही पाहिली, कोण काय खाते याची टिपणे केली. फळे, भाजीपाला, दूध यांचा अभाव असलेल्या ताटांशी या रोगाचा संबंध त्यांच्या लक्षात आला. तसेच अन्न प्राण्यांना देऊन त्यांनी पांडुरोग निर्माण केला, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा केला. हा अर्क म्हणजे पावाला लावून खाण्याचे 'मार्माइट', विलायतेत किराणा दुकानात मिळणारा स्वस्त जिन्नस. १९३१ साली त्यांनी जाहीर केले की, त्याने या स्त्रियाही बऱ्या होतात.

पुढे त्यांना आणखी एक गोष्ट दिसून आली. यकृताचा अधिक शुद्ध केलेला अर्क घातक पांडुरोगावर गुणकारी पडे. या स्त्रियांवर मात्र त्याचा परिणाम होत नसे. म्हणजे रक्ताचे चित्र एक आणि उणिवा दोन! हे ध्यानात आले नसते तर पुढचे काहीच उलगडले नसते. विल्सबाईंच्या त्या अनाम द्रव्याला पुढे पालकाच्या पानांतून १९४१ साली नाव मिळाले. लॅटिनमध्ये पानाला 'फोलियम' म्हणतात, म्हणून फॉलिक आम्ल.

आपल्या हैदराबादकरांना या कथेत आपुलकी वाटावी अशी दोन स्थळे आहेत. विल्सबाई १९२९ साली काही काळ कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्या पोषण प्रयोगशाळेच्या आश्रयाने काम करीत होत्या. ती प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेस आली. तार्नाक्यावरून जाताना आपण जिच्या फाटकावरून रोज पुढे जातो, ती राष्ट्रीय पोषण संस्था तीच.

दुसरे स्थळ म्हणजे येल्लाप्रगड सुब्बाराव. १८९५ साली भीमवरम येथे जन्मलेल्या या आंध्रपुत्राचे दोन भाऊ थोड्या दिवसांच्या अंतराने 'स्प्रू' या रोगाने गेले. आपल्या जुन्या वैद्यकात ज्याला संग्रहणी म्हणतात त्याच्याशी जुळणारा हा रोग. आतड्याचे अस्तर झिजते, सतत ढाळ होतात, जीभ सोलवटते, माणूस वाळत जातो. खाल्लेले अंगी न लागण्याची याहून करुण अवस्था नाही. सुब्बाराव स्वतःही त्यातून कसेबसे वाचले. आचंट लक्ष्मीपती या वैद्यांच्या उपचारांनी त्यांना गुण आला. पुढे ते अमेरिकेस गेले, हार्वर्डमध्ये यकृतातील गुणकारी द्रव्य वेगळे करण्याच्या खटपटीत त्यांनी अनेक वर्षे घालविली आणि नंतर लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या नेतृत्वाखालील चमूने १९४५ साली फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले. थोड्याच दिवसांत टॉम स्पाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्यूबा व पोर्टो रिको येथील स्प्रूच्या रुग्णांना ते देऊन पाहिले, आणि मरणोन्मुख माणसे उठून जेवू लागली. ज्या रोगाने दोन भाऊ नेले त्याच्यावरचे औषध सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडले. १९४८ साली ते वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे त्रेपन्न वर्षांचे होते.

आता माझ्या चुकीकडे येतो. फॉलिक आम्ल नवे होते तेव्हा ते घातक पांडुरोगावरही देण्यात आले आणि रुग्णांचे रक्त झपाट्याने सुधारले. सर्वांना आनंद झाला. पण वर्ष-दोन वर्षांत डॉक्टरांच्या लक्षात आले की, यांतल्या काहींचे हातपाय बधिर होत आहेत, चालणे बिघडत आहे. रक्तपेशी तयार होण्यासाठी ही दोन्ही जीवनसत्त्वे लागतात. ब-१२ नसेल तर देहातले फॉलिक आम्ल निरुपयोगी रूपात अडकून पडते. बाहेरून ते भरपूर दिले तर रक्तपेशींचे काम निभावून जाते. पण मज्जातंतूंच्या आवरणाला लागणाऱ्या ब-१२ ची जागा ते घेऊ शकत नाही. बरे दिसणारे रक्त मग आतल्या विनाशावर पांघरूण घालते. १९४६-४७ च्या सुमारास वैद्यकाने जो धडा घेतला होता, तो मी सुमारे पाऊणशे वर्षांनंतर माझ्या आत्याच्या देहावर पुन्हा गिरविला. नोबेल पारितोषिकांनी गौरविलेले ज्ञान जगात उपलब्ध असताना मी दुकानदाराला विचारून गोळ्या आणल्या होत्या!

आत्याला ब-१२ ची इंजेक्शने सुरू झाली. पंधरवड्यात जीभ निवली. दोन-तीन महिन्यांत नावे आठवू लागली. माझ्या लहानपणीच्या खोड्याही तारखेनिशी आठवू लागल्या. पावलांत मात्र अर्धीच जाण परत आली. मज्जातंतू फार दिवस उपाशी राहिले की सगळेच भरून निघत नाही, असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. ते मला अधिक लागले.

आपल्यासारख्या घरांनी या कथेतून काय घ्यावे ते आता थोडक्यात सांगतो. ब-१२ हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करीत नाही. ते सूक्ष्म जंतू तयार करतात आणि आपल्याला मिळते ते दूध, दही, ताक, अंडी, मांस, मासे यांतून. रोजची गरज अगदी अल्प, दोन-अडीच मायक्रोग्रॅम एवढीच. आणि यकृतात साठा असल्याने उणीव दिसून यायला काही वर्षे लागतात. त्यामुळे दूध सोडल्याचा आणि पाय बधिर झाल्याचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. शाकाहारी माणसाने दूधदुभते सोडले असेल तर त्याने डॉक्टरांना ते आपणहून सांगावे. म्हातारपणी जठराचे अस्तर क्षीण होते, आम्ल कमी होते. तेव्हा खाऊनही ब-१२ अंगी लागत नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तावरील गोळ्या ज्यांना वर्षानुवर्षे चालू आहेत, ज्यांच्या जठराची वा आतड्याची शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांना दीर्घकाळ ढाळ होतात, त्यांनीही सावध असावे. तपासणी साधी रक्ताची असते.

मात्र हे वाचून कोणी फॉलिक आम्लाला शत्रू समजू नये. गर्भ राहण्यापूर्वीपासून घेतलेल्या फॉलिक आम्लाने बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मजात व्यंगे पुष्कळ अंशी टळतात, हे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने सिद्ध केले आहे. सुनांना आणि लेकींना डॉक्टरांनी दिलेली गोळी, किंवा शाळेतील मुलांची गोळी, या लेखाच्या आधारे बंद करणे हा माझ्यासारखाच दुसरा अविचार होईल. पालेभाजीतही हे द्रव्य असते, पण उष्णतेने आणि पाण्याने ते जाते. म्हणून भाजी चिरण्याआधी धुवावी, शिजवलेले पाणी ओतून देऊ नये आणि ती उगाच फार वेळ रटरटू देऊ नये. माझे म्हणणे एवढेच की, नेमके उणे काय आहे हे न जाणता ते भरून काढू जाणे धोक्याचे असते.

आता आत्या सकाळी वाटीभर दही खाते आणि महिन्याला एक इंजेक्शन घेते. चपलांऐवजी मागे पट्टा असलेल्या वहाणा तिला आणल्या आहेत. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावायला जाताना ती एक हात भिंतीला टेकवते आणि डोळे पावलांवर ठेवते, कारण जमीन कोठे आहे हे पायांना कळत नाही, ते डोळ्यांनी पाहावे लागते. परवा मी हा लेख लिहीत असल्याचे तिला सांगितले. ती म्हणाली, "दुधाचे आधी कोणी सांगितले असते तर घेतले असते रे. मला वाटले, म्हातारपण असेच असते."

वाचकहो, आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनाही बहुधा असेच वाटत असेल. आज जेवताना त्यांना एवढेच विचारा: जीभ झोंबते का, पायाला मुंग्या येतात का, आणि चप्पल पायातून निसटली तर कळते का? उत्तर मनाजोगते आले नाही तर हसू नका. आम्ही हसलो होतो.